कॅसेटवरचं चार ट्रॅक रेकॉर्डिंग : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात घरच्या घरी कॅसेटवर भजन-गाणं कसं भरायचं यावर थोडंसं लिहिलं होतं, त्यावर बरीच पत्रं आली. सगळीच छापता येत नाहीत, पण ज्यात बाकीच्यांच्याही कामाचं काही आहे ती घेतली.

प्रश्न (दारव्हा तालुका) : भाऊ, नागपूरच्या जुन्या सामानाच्या बाजारातून टॅसकॅमची चार ट्रॅकवाली मशीन आणली. कॅसेट तं साधीच टाकते, मंग यात न् आमच्या टू-इन-वनमंदी फरक काय? न् हिच्यात भरलेली कॅसेट टू-इन-वनले लावली का आवाज असा रेड्यावानी घोगरा काऊन येते?

उत्तर : भाऊ, फरक कॅसेटमधे नाही, हेडमधे आहे, म्हणजे फितीवर आवाज भरणाऱ्या-वाचणाऱ्या भागात. कॅसेट फिलिप्सनं १९६३ साली आणली, तिची फीत ३.८१ मिलिमीटर रुंद. साध्या स्टिरिओ डेकवर तेवढ्याशा रुंदीत ए साइडचे डावा-उजवा दोन आणि बी साइडचे दोन असे चार ट्रॅक, म्हणजे आवाज भरायचे शेजारी शेजारीचे पट्टे, आधीपासूनच असतात, पण दोन एका दिशेनं आणि दोन कॅसेट पलटवल्यावर उलट दिशेनं. १९७९ मधे टॅसकॅमची पोर्टास्टुडिओ १४४ आली, तिच्यात चारही ट्रॅक एकाच दिशेनं चालतात आणि प्रत्येक ट्रॅक वेगळा भरता, वेगळा पुसता येतो. वावरात तासं शेजारी शेजारी असली तरी एकात तूर आणि दुसऱ्यात कपाशी लावता येते ना, तसंच. ढोलक एका ट्रॅकवर भरली की फीत मागे घ्यायची, हेडफोनमधे ढोलक ऐकत दुसऱ्या ट्रॅकवर पेटी भरायची, ढोलकीला काही होत नाही.

आता घोगरा आवाज. साधी कॅसेट सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर चालते, चार ट्रॅकच्या बऱ्याच मशिनी दुप्पट म्हणजे ९.५ नं चालवतात कारण ट्रॅक एवढा बारीक असतो की झांजेसारखा बारीक आवाज टिकवायला वेग लागतोच. ती कॅसेट टू-इन-वनवर अर्ध्या वेगानं चालली की गाणारा म्हाताऱ्यासारखा वाटणारच. आणि हेही लक्षात ठेवा की अशी कॅसेट पलटवून वापरायची नसते, बी साइडवर रेकॉर्ड दाबलं तर आधीचं पुसलं जाईल. म्हणजे साठ मिनिटांची कॅसेट दुप्पट वेगात फक्त १५ मिनिटं पुरते. पोर्टा वन किंवा फॉस्टेक्स एक्स-१५ सारख्या मशिनी साध्या वेगानंच चालतात, त्यात ३० मिनिटं मिळतात.

प्रश्न (तिवसा तालुका) : आमचं खंजिरी भजन मंडळ आहे. पेटी, ढोलक, खंजिरी, झांज, मुख्य गायक आणि झील धरणारे पाच जण. ट्रॅक फक्त चार. सगळं कसं बसवायचं? आधी काय भरायचं, मागून काय?

उत्तर : हा प्रश्न खरा महत्त्वाचा, कारण चार ट्रॅकच्या कामात मशीन कोणती यापेक्षा क्रम कोणता यावर सगळं अवलंबून असतं आणि तो क्रम रेकॉर्डचं बटन दाबायच्या आधी कागदावर लिहिलेला पाहिजे. मोझरीच्या भागात राहता, तुकडोजी महाराजांचं खंजिरी भजन कानावर पडत मोठे झालेले लोक आहात, तेव्हा लय तुमच्या हातात आहेच, ती फितीवर नीट उतरली पाहिजे एवढंच.

जागा कमी पडली की ट्रॅक एकत्र करतात, त्याला बाउन्स म्हणतात. म्हणजे १, २, ३ भरायचे, तिघांचा आवाज मशीनमधूनच मिसळून ४ वर घ्यायचा, मग १, २, ३ पुन्हा मोकळे. पण बाउन्स केलेला आवाज परत सुटा होत नाही, पेटी मोठी वाटली तर वाटली, आता ती तशीच राहणार. आणि दर बाउन्सला सूं असा आवाज वाढतो आणि बारीक, चमकदार आवाज मंद होतो. म्हणून माझं ठाम मत आहे की ज्याचं तेज गेलं तरी चालेल ते आधी भरा आणि ज्याचं तेज जपायचं ते शेवटी.

ढोलक आणि पेटी दोघांना समोरासमोर बसवा, दोन माईक, ढोलक १ वर आणि पेटी २ वर एकाच वेळी भरा. मुख्य गायकानं बाजूला बसून बिनमाइकचं, हळू आवाजात पूर्ण भजन म्हणायचं, नाहीतर कुठं अंतरा संपतो आणि कुठं लय वाढते ते वाजवणाऱ्यांना कळत नाही. ३ वर झिलीचे पाच जण एका माइकसमोर अर्धगोल करून, ज्याचा आवाज भारी तो एक पाऊल मागे. इथे थांबून ऐका. दहा वेळा ऐका, मंडळातल्या एखाद्या जुन्या माणसालाही ऐकवा, मगच बाउन्स करा, आणि ढोलक मनाला पटते त्यापेक्षा थोडी मोठीच ठेवा कारण वरून आवाज चढले की ती खाली दबते. ४ वर हे सगळं आलं की १ वर खंजिरी, २ वर झांज, आणि ३ वर मुख्य गायक, सगळ्यात शेवटी, ताज्या फितीवर, बाउन्स न करता. भजन ऐकणारा माणूस शब्द ऐकतो, शब्दच अस्पष्ट झाले तर बाकी मेहनत काय कामाची.

दोन गोष्टी विसरू नका. स्पीकर लावून मागूनचे ट्रॅक भरू नका, हेडफोनच लावा, नाहीतर ढोलक गायकाच्या माइकमधूनही येते. आणि मशीनवरचं पिचचं (फितीचा वेग कमीजास्त करायचं) बटन मधोमध ठेवून त्यावर चिकटपट्टी लावून टाका. पेटीचे सूर पक्के असतात, तबल्यासारखे ठोकून चढवता येत नाहीत, पहिल्या दिवशी काळी दोनमधे भरलं आणि दुसऱ्या दिवशी कोणाचा हात लागून वेग थोडा जरी बदलला तर पेटी परत जुळायचीच नाही.

प्रश्न (मूर्तिजापूर) : कॅसेट कोणती घ्यावी?

उत्तर : टाइप टू, म्हणजे जिला क्रोम म्हणतात ती, बहुतेक चार ट्रॅकच्या मशिनी तिच्यासाठीच सेट केलेल्या असतात. साठची किंवा नव्वदची. १२० मिनिटांची घेऊ नका, फीत फार पातळ असते, पुढे-मागे, पुढे-मागे करताना ताणली जाते.

प्रश्न (चिमूर तालुका) : झाडीपट्टीतल्या नाटकात आमचे काकाजी पेटी वाजवत. त्यांनी घरी भरलेल्या काही कॅसेटी सापडल्या. डेकवर लावल्या की एका बाजूनं संथ आवाज येते, पलटवल्या की सगळं उलटं बोलल्यासारखं. खराब झाल्या का? फेकून द्यायच्या का?

उत्तर : फेकू नका! खराब नाहीत, त्या चार ट्रॅकच्या मशीनवर भरलेल्या कॅसेटी आहेत. ए बाजूला ट्रॅक १ आणि २ ऐकू येतात, पलटवल्यावर ३ आणि ४ उलटे. याचाच अर्थ काकाजींची पेटी आणि गायकाचा आवाज अजूनही सुटे असू शकतात, जे साध्या कॅसेटीत कधीच मिळत नाही.

आधी कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन्ही प्लास्टिकचे तुकडे तोडा म्हणजे चुकूनही त्यावर काही भरलं जाणार नाही. आत फीत दाबणारी स्पंजची बारीक गादी जागेवर आहे का पाहा, जुन्या कॅसेटीत तिचा गोंद सुटतो. हेड आणि रबरी रोलर पुसा, हेडला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापूस. एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे फिरवा.

चार ट्रॅकची मशीन मिळाली तर उत्तमच. नाही मिळाली तर चांगल्या स्टिरिओ डेकची वायर कॉम्प्युटरला जोडून दोन्ही बाजू पूर्ण रेकॉर्ड करा, डेकवरचं डॉल्बी (सूं आवाज कमी करायची सोय) बंद ठेवून. ऑडॅसिटी या आवाज कापायच्या-जोडायच्या सॉफ्टवेअरमधे बी बाजूची फाइल रिव्हर्स करा, मग दोन्ही फाइलींचा वेग दुप्पट करा, ढोलकीचा पहिला ठोका पकडून वरखाली जुळवा. सुरुवातीला जुळलेलं पाच मिनिटांनी सरकलेलं दिसेल कारण डेकचा वेग दोन्ही खेपेला अगदी सारखा नसतो, तेव्हा बी बाजूची फाइल अंतऱ्या-अंतऱ्यावर कापून थोडी थोडी सरकवावी लागते, काम किचकट आहे पण होतं. आवाजाचा पोत थोडा बदललेला वाटेल, ते वेग वेगळा असल्यामुळे. कव्हरवर डीबीएक्स (हीसुद्धा सूं आवाज कमी करायचीच एक पद्धत) लिहिलेलं असेल तर मात्र डीबीएक्स असलेलीच मशीन शोधा, त्याशिवाय आवाज श्वास घेतल्यासारखा खालीवर होत राहतो.

तोवर कॅसेटी टिनाच्या खाली ठेवू नका, आपल्याकडचा मे महिना त्यांना सोसत नाही, आणि पावसाळ्यात बुरशी. आतल्या खोलीत, उभ्या, स्पीकरच्या लोहचुंबकापासून दूर ठेवा. आणि मंडळातले काकाजींच्या वेळचे कोणी हयात असतील तर आत्ताच जाऊन विचारून या की कोणत्या मशीनवर, कोणाकोणाला घेऊन भरलं होतं. ती नावं फितीवर कुठेच नाहीत, कव्हरवर लिहून ठेवा.