ग्रीक ‘ओइदा’ आणि संस्कृत ‘वेद’

प्रश्न असा आहे: प्राचीन ग्रीकमधल्या ‘ओइदा’चा अर्थ ‘मला माहीत आहे’ असा देतात, पण व्याकरणात ते रूप पूर्णकाळाचं म्हणून दाखवतात. हे कसं? आणि ‘वेद’शी त्याचं काही नातं आहे का?

नातं आहे, अगदी सख्खं. दोन्हींचा मूळ धातू एकच, अर्थ ‘पाहणे’. ग्रीकमध्ये ‘एइदोन’ म्हणजे ‘मी पाहिलं’, आणि ‘ओइदा’ म्हणजे पाहून झाल्यावर जे आता ठाऊक आहे ते. ग्रीक पूर्णकाळ मुळात क्रियेनंतरची स्थिती सांगतो. मराठीत ‘तो बसलाय’ म्हटलं की आत्ताची अवस्थाच कळते, तसंच हे. म्हणून रूप पूर्णकाळाचं, अर्थ वर्तमानाचा. ‘मला माहीत होतं’ म्हणायचं तर वेगळं रूप लागतं, ‘एइदे’.

खरी गंमत रूपावलीत आहे. ग्रीक: ओइदा, ओइस्था, ओइदे, इस्मेन, इस्ते, इसासि. संस्कृत: वेद, वेत्थ, वेद, विद्म, विद, विदुः. एकवचनात ‘ओइ’ आणि ‘वे’, अनेकवचनात ‘इ’ आणि ‘वि’. गुण (म्हणजे ‘इ’चा ‘ए’ होणं, ‘वि’चा ‘वे’) होण्या-न होण्याची जागासुद्धा तीच! ग्रीकमध्येही आधी ‘व’ होता, पुढे तो गळला. होमरच्या वृत्तात त्याची जागा अजून जाणवते. एरवी पूर्णकाळात धातूचं पहिलं अक्षर दुहेरी होतं, जसं ग्रीक ‘गेग्राफा’ (मी लिहिलं आहे) किंवा संस्कृत ‘लिलेख’. ओइदा आणि वेद या दोघांत मात्र तसं होत नाही. पाणिनीने तर ‘विदो लटो वा’ (३.४.८३) असं सूत्रच केलं: विद् धातूला वर्तमानकाळातच लिट्‌चे, म्हणजे पूर्णकाळाचे, प्रत्यय विकल्पाने लागतात. म्हणून ‘तो जाणतो’ या अर्थी ‘वेत्ति’ आणि ‘वेद’ दोन्ही बरोबर. ग्रीक न पाहता त्याने नेमकी हीच विसंगती टिपली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

‘ओइदा’ वाक्यात वापरताना पुढचं रूप बघा. कृदन्त (‘असणारा’सारखं धातूपासून बनलेलं विशेषण) आलं तर ‘अमुक आहे हे माहीत असणे’: ‘ओइदा थ्नेतोस ओन’, मी मर्त्य आहे हे मला ठाऊक आहे. तुमन्त (‘करायला’सारखं रूप) आलं तर ‘करता येणे’. होमरच्या इलियड महाकाव्याच्या सातव्या सर्गात ट्रॉयचा वीर हेक्टर ग्रीक वीर अयासला सुनावतो की ढाल उजवीकडे फिरवता येते मला, डावीकडेही येते. तिथं दोन्ही वेळा ‘ओइदा’च आहे, आणि भाषांतरात ‘मला माहीत आहे’ घातलं तर त्याचा सगळा जोर जातो.