डाळ मिलसाठी भागीदार निवडताना काय पाहावे?
आर्वीजवळच्या गावात मित्रासोबत भागीदारीत डाळ मिल टाकावी का, असे आपण विचारले आहे. मैत्रीपेक्षा त्याचा व्यवहार पाहा: तुरीच्या हंगामात तो शेतकऱ्यांचे चुकारे वेळेवर देतो का आणि त्याची किती उधारी थकली आहे, हे बाजार समितीतल्या अडत्यांकडून कळू शकते. ही चौकशी मी सर्वांत महत्त्वाची मानतो, कारण १९३२ च्या भारतीय भागीदारी कायद्यानुसार त्याने फर्मच्या व्यवसायासाठी घेतलेल्या कर्जाची पूर्ण वसुली एकट्या आपल्याकडूनही होऊ शकते, मग आपले भांडवल कितीही कमी असो. करारात नफ्याचे प्रमाण ठरले नसेल, तर वाटणी समसमान धरली जाते. नोंदणी टाळू पाहणाऱ्याशी भागीदारी करूच नका. नोंदणी नसलेल्या फर्मला थकबाकीदार व्यापाऱ्यावर दिवाणी दावा लावता येत नाही.