नेटवर्कवर लक्ष ठेवणाऱ्या मॉनिटरिंगवर एकदम दहा-बारा स्विच (उपकरणं नेटवर्कला जोडणारे डबे) 'डाउन', म्हणजे लाल दिसतात, काही ठिकाणचा डेटाच येत नाही. बिघाड नेमका कुठे शोधायचा?

लाल दिसणारा प्रत्येक स्विच बंद पडलेला नसतो. मॉनिटरिंग सर्व्हर तिथवर पोचू शकत नाही, एवढाच त्याचा अर्थ. आधी नेटवर्कचा नकाशा समोर घ्या आणि सगळ्या लाल स्विचांच्या वाटेत येणारी, पण एकाही हिरव्याच्या वाटेत नसलेली लिंक शोधा. बहुतेक वेळा गोम तिथेच असते.

ट्रेसराउटमध्ये (डेटाची वाट टप्प्याटप्प्याने दाखवणारी आज्ञा) मधल्या हॉपवर, म्हणजे टप्प्यावर, नुसते तारे (*) आले, पण पुढचे हॉप नीट उत्तर देताहेत? मग त्या राउटरचा नाद सोडा, तो फक्त प्रोबला, म्हणजे चाचणीच्या पॅकेटला, उत्तर देत नाहीये.

लिंकवरच्या ट्रॅफिकचे आलेखही तपासून घ्या. एसएनएमपीचा (उपकरणांची आकडेवारी वाचायची पद्धत) ३२ बिटी बाइट काउंटर पूर्ण भरलेल्या १ गिगाबिट लिंकवर साधारण ३४ सेकंदांत पुन्हा शून्यावर येतो. तुम्ही दर ५ मिनिटांनी वाचत असाल, तर मधले फेरे निसटतात आणि गच्च भरलेली लिंक निवांत दिसते. यात आमची अख्खी रात्र गेली आहे, म्हणून कळकळीने सांगतो: ६४ बिटी काउंटरच लावा.

संशयित लिंक सापडली की दोन्ही टोकांचे सीआरसी एरर (खराब होऊन पोचलेल्या डेटाची मोजणी) हाताने वाचा, १० मिनिटांनी परत वाचा. एकाच टोकाला वाढत असतील, तर त्या बाजूला येणाऱ्या फायबरची टोकं पुसून बघा, मग समोरचा एसएफपी (फायबर जोडायचं मॉड्यूल) बदला.