एका दिवसात बऱ्हाणपूर

प्रश्न : भुसावळहून बऱ्हाणपूर एका दिवसात पाहून होईल का?

उत्तर : होईल, पण असीरगड त्यात कोंबू नका, त्याला वेगळा दिवस द्या. सकाळची खंडव्याकडची गाडी धरा. उन्हं चढण्याआधी तापीकाठचा शाही किल्ला पाहा. तिथल्या हमामखान्यात, म्हणजे शाही स्नानगृहात, मान वर करून छताची रंगीत नक्षी न्याहाळा. मग जामा मशीद. फारुकी राजवटीतल्या या मशिदीत अरबीसोबत संस्कृत शिलालेखही आहे, तो चुकवूच नका. शुक्रवारी दुपारी नमाज असते, ती वेळ टाळा. दुपारी रहीम खानखानाच्या काळातला, 1615चा कुंडी भंडारा, म्हणजे जमिनीखालून शहराला पाणी पुरवण्याची जुनी योजना. भुयारात पाणी वाहतं असतं, म्हणून पँट दुमडता येईल अशी हवी. तापीपलीकडे आहुखाना, म्हणजे हरणांची शाही बाग, 1631 साली मुमताजला आधी इथेच पुरलं होतं.