टाकीला हँडलचा पोचा पडलाय: काढून घ्यायचा की टाकीच बदलायची?

तुम्ही दिलेल्या माहितीवरून चित्र असं दिसतं: उभी मोटारसायकल कलंडली, हँडल पूर्ण वळून पेट्रोलच्या टाकीवर आदळलं, तळहाताएवढा पोचा पडला आणि त्याच्या मधोमध पाचेक सेंटिमीटरची घडी आली. घडीवर रंग तडकलाय, गळती नाही. एक जण हवा भरायला सांगतो, दुसरा गरम पाणी ओतायला, आणि गॅरेजवाला म्हणतो पुट्टी (खड्डा भरायचा लेप) मारून देतो.

माझं मत असं. गोलसर भाग ओढून बाहेर येईल. घडी पूर्ण जाणार नाही, तिथे थोडी पुट्टी आणि मग रंग लागेलच. घडी खालच्या जोडापर्यंत, म्हणजे टाकीचे पत्रे जिथे एकमेकांना जोडलेत तिथपर्यंत, गेली असेल तर मात्र टाकी बदला; बदलायची बाकी कारणं शेवटी दिली आहेत.

त्याआधी एक साधी तपासणी. बऱ्याच नव्या गाड्यांत बाहेरून टाकी दिसते ते प्लास्टिकचं आवरण असतं आणि खरी टाकी त्याखाली असते. नखाने वाजवून बघा, फडक्यात गुंडाळलेलं चुंबक लावा. प्लास्टिक निघालं तर तेवढं आवरण बदला, विषय संपला. वाजवल्यावर धातूचा आवाज येतो पण चुंबक चिकटत नाही, तर टाकी अ‍ॅल्युमिनियमची. ती वाकताना कडक होत जाते आणि घडीवर चिरते, म्हणून ते काम अ‍ॅल्युमिनियमचंच काम करणाऱ्याकडे द्या. पुढचं सगळं पोलादी टाकीबद्दल आहे.

पोचा किती खोल, हे लोक आधी बघतात. मी त्याची कड आधी बघतो. पत्रा नुसता आत दबला असेल तर तो परत यायला तयार असतो, त्याला अडवून धरते ती पोच्याभोवती उठलेली कड. घडीच्या जागी मात्र पत्रा ताणला गेलेला असतो. ताणलेला पत्रा आधीपेक्षा जास्त जागा मागतो, त्यामुळे ओढला की कुठेतरी फुगवटा काढतोच. म्हणून एक सेंटिमीटर खोल पण गुळगुळीत पोचा सोपा, आणि चार मिलिमीटरची धारदार घडी अवघड.

गरम पाण्याचा उपाय प्लास्टिकच्या बंपरवर चालतो. टाकीच्या पत्र्याची १० सेंटिमीटर लांबी ७० अंशांनी तापली तरी जेमतेम ०.०८ मिलिमीटर वाढते. तेवढ्याने पोचा हलत नाही.

हवा भरण्याचा सल्ला मात्र सरळ धोक्याचा आहे. टाकीचा तळ ३० बाय ४० सेंटिमीटर धरा, म्हणजे १२०० चौरस सेंटिमीटर. टायरमधल्या हवेच्या पाव भागाएवढा, म्हणजे अर्धा बार दाब दिला तरी त्या तळावर सुमारे ६०० किलोचा भार येतो. टाकी पोच्याच्या जागी आधी फुगत नाही, कारण तो भाग गोलाईमुळे ताठ असतो. आधी फुगतो तो सपाट तळ आणि चॅसिसवर बसणारी मधली खाच. खाच उघडली की टाकी गाडीवर बसतच नाही, आणि जोड फाटला तर झाकण किंवा पत्रा अंगावर येतो.

आता काम. टाकी उतरवूनच करा. कार्ब्युरेटरची गाडी असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून पाइप काढा. इंजेक्शनची (टाकीत विजेचा पेट्रोल पंप असलेली) असेल तर आधी पंपाचं कनेक्टर काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा. लाइनमध्ये सुमारे ३ बार दाब असतो, तसाच पाइप काढला तर पेट्रोलची पिचकारी उडते. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा, ब्रीदर (टाकीत हवा येण्या-जाण्याची वाट) आणि ओव्हरफ्लोच्या नळ्यांवर खुणा करा, पेट्रोल कॅनमध्ये उतरवा. पंप आणि पातळी दाखवणारा फ्लोट काढून ठेवा. काम उघड्या हवेत. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते आणि दूरच्या देवघरातल्या दिव्यापर्यंतही पोचते.

ओढण्यासाठी ग्लू गन, पोचा काढण्याच्या खास ग्लू स्टिक, २० ते ३० मिलिमीटरचे टॅब (पत्र्याला चिकटवून ओढायचे तुकडे) आणि ते ओढणारा स्लाइड हॅमर (दांड्यावर सरकणाऱ्या वजनाने झटका देणारं हत्यार) लागतो. शाळेच्या हस्तकलेच्या ग्लू स्टिक इथे दम धरत नाहीत. पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, मेणाचा अंश राहिला तर टॅब सुटतो. पत्रा कोमट असावा, थंडगार पत्र्यावर ग्लू लगेच कडक होऊन निसटतो. टॅब लावला की ग्लू गार होऊ द्या आणि पत्र्याला काटकोनात ओढा.

बहुतेकांची चूक इथेच होते: पहिला टॅब ते सर्वात खोल जागी लावतात आणि जोरात झटका देतात. मग मध्ये फोडासारखा उंचवटा येतो आणि भोवतीचा खड्डा तसाच राहतो. पोचा पडताना मधला भाग आधी गेला, कड शेवटी उठली. काढताना क्रम उलटा: कडेच्या आतल्या बाजूने सुरुवात, हळूहळू मध्याकडे. प्रत्येक दोन-तीन ओढींनंतर उठलेल्या कडेवर नायलॉनच्या बोथट ठोकणीने हलके ठोके द्या. कड सैल झाली की खड्डा जवळपास स्वतःच वर येतो. शेजारी ट्यूबलाइट लावून तिचं प्रतिबिंब टाकीवर बघत राहा. रेघ जिथे वाकते तिथे काम बाकी आहे, बोटाला जे कळत नाही ते या रेघेला कळतं. टॅब काढताना ओरबाडू नका, कडेने अल्कोहोल सोडलं की तो सुटतो.

मूळ कारखान्याचा रंग ही ओढ सहसा सहन करतो. आधी कधी रंगवलेली किंवा पुट्टी भरलेली टाकी असेल तर रंगाचा पापुद्राच टॅबसोबत येईल. तुमचा रंग घडीवर तडकलाच आहे, म्हणून तेवढ्या भागात तो निघणार हे धरूनच चला.

घडीसाठी गॅरेजवाले पत्र्यावर पिना वेल्ड करून ओढतात. पद्धत चांगली आहे, पण दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, प्रत्येक पिनेमागे आतला गंजरोधक थर जळतो, आणि पातळ पत्र्याला बारीक भोकही पडू शकतं. दुसरी, ‘टाकी रिकामी आहे’ हे ठिणगीच्या कामाला पुरेसं नाही. पेट्रोलची वाफ हवेत १.४ ते ७.६ टक्के असली की पेटते, आणि ते मिश्रण भरलेल्या टाकीपेक्षा नुकत्याच रिकाम्या केलेल्या टाकीत जास्त सहज तयार होतं. साबणाच्या गरम पाण्याने अनेकदा धुवून, कामाच्या जागेखालपर्यंत पाणी भरून आणि उरलेल्या पोकळीत आर्गॉन किंवा कार्बन डायऑक्साइड सोडून काम करणारा असेल तरच द्या. तो याला ‘काही होत नाही’ म्हणाला तर टाकी उचलून परत आणा.

पुट्टीला मी विरोध करत नाही. ओढून न काढता खड्डाच पुट्टीने भरायला मात्र आहे. पोचा ८०-९० टक्के बाहेर आल्यावर उरलेला खोलगटपणा तीन मिलिमीटरच्या आत असावा. जाड थर इंजिनाच्या उष्णतेने आणि थरथरीने काठाला सुटतो. रंग काढून ८० नंबरच्या पॉलिश पेपरने पत्रा खरवडा. हार्डनर (पुट्टी घट्ट करणारा घटक) साधारण १०० ग्रॅम पुट्टीला २ ग्रॅम. जास्त घातला तर लवकर घट्ट होतो, पण वरच्या रंगावर पुढे डाग उमटतात. पुट्टी कोरडीच घासा, १८० आणि मग ३२० नंबरने. ती पाणी शोषते, आणि ते पाणी नंतर रंगाखाली फोड आणतं. पाण्याचा पेपर प्रायमरवर वापरा.

वरचा क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) दोन घटकांचाच, म्हणजे हार्डनर मिसळायचा, हवा. साध्या स्प्रे कॅनचा लॅकर पेट्रोलचा पहिला थेंब सांडला की विरघळतो. दोन घटकांच्या कोटच्या हार्डनरमध्ये मात्र आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं, साधा धुळीचा मास्क ते अडवत नाही, म्हणून हा शेवटचा हात पेंटरच्या बूथमध्येच मारून घ्या. रंग अख्ख्या टाकीला द्या; मेटॅलिक रंगात तुकड्याची सीमा लपत नाही. क्लिअर कोटखालचे स्टिकर यात जातात, ते आधी मिळतात का बघा.

परत बसवण्याआधी गळती तपासा. झाकण लावा, बाकीची भोकं बंद करा, घडी आणि खालच्या जोडावर साबणाचं पाणी लावून ब्रीदरमधून तोंडाने फुंका. तेवढाच दाब पुरे, बुडबुडा दिसतो. पुढे शंका राहिली तर पेट्रोल भरल्यावर जोड कोरडा पुसून त्यावर खडूची पूड लावा, पाझर असेल तिथे ती ओलसर गडद होते. पाझर दिसला तर सिलिकॉन लावू नका, पेट्रोलमध्ये ते फुगून सुटतं.

आणि बदलायची कधी? जोड मुडपला असेल, बसवायच्या कानांभोवती पत्रा चिरला असेल, किंवा टॉर्च टाकून आत गंजाचे पापुद्रे दिसत असतील तर. त्या टाकीवर रंगाचा खर्च वाया जातो. नवी घेताना गाडीचं वर्ष आणि पार्ट नंबर जुळवा. कार्ब्युरेटरच्या आणि इंजेक्शनच्या गाडीची टाकी बाहेरून सारखी दिसते, पण पंपाचं तोंड फक्त दुसरीला असतं. जुनं झाकण-कुलूप नव्या टाकीवर बसत असेल तर तेच लावा, म्हणजे दोन किल्ल्या सांभाळाव्या लागत नाहीत. पंपाचा सील नवा घाला आणि त्याचे बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने थोडे थोडे आवळा. जुनी टाकी विकत घेत असाल तर फडक्यातलं चुंबक सगळीकडे फिरवा, जिथे ओढ कमी लागते तिथे खाली पुट्टी आहे.

दुरुस्त केलेली असो की नवी, टाकी चढवण्याआधी चॅसिसच्या मानेजवळचा हँडलचा स्टॉपर (हँडलला मर्यादेपलीकडे वळू न देणारा अडसर) बघा. नुसतं पडल्याने हँडल टाकीपर्यंत पोचलं, याचा अर्थ बहुधा स्टॉपर वाकलाय किंवा तुटलाय, नाहीतर हँडल क्लॅम्पमध्ये फिरलंय. टाकी नुसती ठेवून हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा. स्विचचा डबा आणि टाकी यांच्यात बोट जायला हवं.