घराला कुलूप, वसतिगृहात मी

ताई, मी सोलापुरात डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, वसतिगृहात राहते. दसरा झाल्यावर आईबाबा टोळीबरोबर ऊसतोडीला गेले, गावच्या घराला कुलूप आहे. दिवाळीच्या सुट्टीत इथेच राहायला रेक्टर मॅडमनी परवानगी दिली. पण रूममेटना मी सांगितलं, घरी चाललेय. आईला सांगितलं, मैत्रिणीकडे जातेय. आता मेस बंद, मजल्यावर मी एकटी. दिवसा काही वाटत नाही, संध्याकाळी रडू येतं. मैत्रिणी ग्रुपवर दारातल्या रांगोळीचा फोटो मागतायत. काय पाठवू?
– कुलूपवाली

फोटोचं नंतर बघू गं. आधी मोज. मैत्रिणींच्या हिशेबात तू गावी, आईच्या हिशेबात मैत्रिणीकडे. रात्री दोनला ताप भरला, तर तू कुठे आहेस हे ठाऊक असलेली माणसं दोनच: रेक्टर आणि गेटवरचे वॉचमनमामा. रेक्टर गावाला गेल्या असतील तर एकच. पत्र वाचून माझ्या पोटात गोळा आला तो यामुळे. रडू येणं साहजिक आहे, त्याला औषध नको.

तेव्हा आईला आजच खरं सांग. फडातल्या बाईला फोन कधी लागतो हे तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. पहाटे कोपीतून, म्हणजे फडावरच्या झोपडीतून, निघालेली, रात्री गाडी भरायला थांबलेली, त्यात फोनला चार्जिंग नाही. नाहीच लागला तर मुकादमाकडे निरोप ठेव. ती रडेल. पण पोरगी कुणाच्या तरी घरी आहे यापेक्षा परवानगी घेऊन आपल्या खोलीत आहे, हे ऐकून तिला बरंच वाटेल, मला विचारशील तर.

मैत्रिणींच्या ग्रुपला खुलासा द्यायची गरज नाही. त्यातली जी कमी बोलते तिला फोन कर आणि सगळं सांग. तिने फराळाला बोलावलं तर आढेवेढे न घेता जा.

आता तू न लिहिलेली गोष्ट. तुला एकटेपणापेक्षा ऊसतोडीची लाज जास्त वाटतेय, असं मला वाटलं. चूक असेन तर सोडून दे. मुकादमाच्या वहीत नवराबायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरांची एक जोडी, आणि उचल, म्हणजे आगाऊ पैसे, हंगामाआधीच घेतलेली. सणाला फड सोडून येणार कसं? मैत्रिणींना हे समजायला अवघड नाही. साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात तुझ्या वर्गात ऊसवाल्यांची पोरं असणारच. त्यांचा ऊस कुणीतरी तोडतंच की.

जेवणाचं सोपं आहे. बिस्किटांवर दिवस काढू नकोस. कडक भाकरी आणि शेंगाचटणी आणून ठेव. कोरड्या डब्यात भाकरी बरेच दिवस टिकते, रोज ताजं दही तेवढं घे. कॉइल लावून खोलीत काही शिजवू मात्र नकोस. मजला रिकामा आहे, आग लागली तर धावून येणार कोण?

संध्याकाळ अवघडच असते. आमच्या वेळी सुट्टीत मागे राहिलेल्या मुली दिवेलागणीला पाण्याची टाकी भरतेय का हे बघायला म्हणून तीनदा गच्चीवर जायच्या. त्या वेळेला खोलीत बसूच नकोस. मामांना सांगून सिद्धेश्वराला जा. तलावाच्या मधोमध मंदिर, शेजारी भुईकोट, माणसांची वर्दळ. गेट बंद व्हायच्या आत परत ये. एखाद्या सकाळी डॉ. कोटणीसांचं घर बघ, तिथे त्यांचं स्मारक केलंय (सणात उघडं आहे का, आधी चौकशी कर). 1938 मध्ये चीनला गेलेला हा सोलापूरचा डॉक्टर 1942 मध्ये तिकडेच वारला. स्फूर्ती वगैरे घ्यायला नको, वेळ छान जाईल म्हणून सांगतेय.

राहिला फोटो. रांगोळी आण, खोलीच्या दारापुढे काढ आणि तिचाच पाठव. दारावरचा खोली नंबर त्यात आला तर येऊ दे. कुणी विचारलं तर तेव्हा सांग, नाही विचारलं तर सोड. पणती दाराबाहेरच ठेव, गादीपासून लांब. आणि एक खाली मामांच्या केबिनपाशी. त्यांचीही दिवाळी ड्युटीवरच चाललीय.