त्या अर्जावर त्यांना सही करू देऊ नका

'ताई, माझे मिस्टर सरकारी कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहेत. वय 47, नोकरीची 22 वर्षं झाली. काचबिंदूमुळे दोन्ही डोळ्यांनी आता जवळजवळ दिसत नाही. साहेबांनी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज टाईप करूनच पुढ्यात ठेवला आणि "सन्मानाने बाहेर पडा" म्हणाले. दीर म्हणतात, सही करून टाका, पेन्शन तरी मिळेल. हे तर बोलेनासेच झालेत. मुलगी अकरावीत आहे. काय करू?'

सही अजून झालेली नाही ना? मग ती होऊ देऊ नका. साहेब त्यांना काढू शकत नाहीत, म्हणून तर त्यांच्याकडून सही हवी आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मधलं कलम 20 तुमच्या मिस्टरांना वाचून दाखवा. नोकरीत असताना अपंगत्व आलं तर सरकारी कार्यालयाला त्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही, खालच्या पदावर टाकता येत नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यायचं. तेही नसेल तर योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य, म्हणजे खास जादा निर्माण केलेल्या पदावर ठेवता येतं. ही कोणाची मेहेरबानी नाही. पण स्वतःच्या हाताने निवृत्ती मागितली, की हेच संरक्षण मागणं फार अवघड होऊन बसतं.

दिरांना पेन्शनचं वाटतं ते काळजीपोटीच. त्यांना कुणाल सिंगांचा खटला सांगा. कर्तव्यावर जखमी होऊन पाय गमावलेल्या या जवानाला अपंगत्वाची पेन्शन देऊन घरी पाठवलं होतं. पेन्शन दिली म्हणून नोकरीचा हक्क संपत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्ये दिला. तेव्हा तर 1995 चा जुना कायदा होता.

आता तोंडी काही बोलायचं नाही. जिल्हा रुग्णालयातून दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, यांचं काम सुरू करा. कलम 20 चा उल्लेख करून अर्ज द्या, त्यात संगणकावर स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी प्रणाली मागा, आणि आवक शिक्का मारलेली प्रत घेतल्याशिवाय तिथून हलू नका. दाद लागली नाही तर कार्यालयातल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे आणि पुढे पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडे जाता येतं.

त्यांच्या गप्प बसण्याची मला जास्त काळजी वाटते. घरावर आपलं ओझं झालं, असं त्यांनी मनाशी धरलं असावं. तुम्ही मायेने पाण्याचा ग्लासही हातात देत असाल, तर तो आता त्यांचा त्यांना घेऊ द्या. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही, हे त्यांच्याशी एकदा मोकळेपणाने बोला. आशा लावून ठेवू नका. पांढरी काठी घेऊन चालायलाही शिकावं लागतं, आणि अंधांसाठी काम करणाऱ्या नॅबसारख्या संस्था ते शिकवतात. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट मिळतो, मराठीही वाचतो. मुलगी आज संध्याकाळीच तो घरच्या संगणकावर टाकून देईल.

आणि अर्जाचा मसुदा तुम्ही लिहू नका, दिरांनाही लिहू देऊ नका. 22 वर्षं दुसऱ्यांचे अर्ज तपासलेला माणूस आहे. तो सांगेल, लेक लिहून घेईल. पोच मिळाली की मला कळवा.